एमपीएच : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच, ही सार्वजनिक आरोग्यातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. एमबीबीएसची जागा हुकली की मागच्या दाराने डॉक्टर होण्याची वाट म्हणून अनेक घरांत तिच्याकडे पाहिले जाते. हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. केवळ एमपीएचच्या जोरावर रुग्णावर उपचार करता येत नाहीत की औषध लिहून देता येत नाही. त्यासाठी वैद्यकीय पदवी आणि नोंदणीच लागते.

ही पदवी फक्त डॉक्टरांसाठी असते, हा याच्या अगदी उलट समज. एमबीबीएस अनिवार्य आहे ते कम्युनिटी मेडिसिनच्या एमडीला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत इतर शाखांचे पदवीधरही एमपीएच करतात. काही संस्था मात्र आरोग्यशाखेचीच पदवी मागतात.

'स्वच्छतेवर भाषणे द्यायला पदवी कशाला?' असेही विचारले जाते. गावात गॅस्ट्रोची साथ आली की प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर सलाईन लावतात. एमपीएच शिकलेला साथरोगतज्ज्ञ मात्र रुग्णांची यादी करतो : कोण, कुठल्या वस्तीतले, कधी आजारी पडले, पाणी कुठून भरतात. घरे नकाशावर मांडतो, आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारतो. एकाच विहिरीकडे बोट जाऊ लागले की पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट होते; पाणी पिवळे झाले नाही, तर त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा क्लोरीन उरलेला नाही. आजारी आणि निरोगी लोकांच्या या तुलनेमागे पक्के संख्याशास्त्र असते. गणित टाळण्यासाठी इकडे येणाऱ्यांची म्हणूनच पहिल्याच सत्रात दमछाक होते.

डॉक्टरकीपुढे ही विद्या दुय्यम, हेही खरे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आधीच एमडी होते; तरी 1984 मध्ये त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एमपीएच केले. पुढे गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मोजणीची शिस्त नसती, तर हा फरक सिद्धच झाला नसता.

नोकरीबाबत मात्र सावध राहावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक पदे कंत्राटी असतात आणि काहींसाठी एमपीएचसोबत वैद्यकीय पदवीचीही अट असते. स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प आणि आरोग्य विमा या क्षेत्रांत इतर पदवीधरांना अधिक वाव आहे.