बोटीच्या कप्प्याचे झाकण

आपला वाशीम जिल्हा काही समुद्रकाठचा नव्हे. तरी एकबुर्जीचे धरण आहे, अडाणचे आहे, आणि रिसोडच्या अंगाला पैनगंगा आहे. पावसाळ्यात ती काठ सोडते तेव्हा बोटीची आठवण सगळ्यांनाच होते.

हल्ली फायबरच्या बोटी निघाल्या आहेत. त्यांत बसायच्या जागेखाली सामानाचे कप्पे असतात. दोर, लोखंडी नांगर, अंगात घालायची तरंगती जाकिटे त्यांत ठेवतात. कप्प्यावर प्लायवूडचे झाकण, आणि ओला पाय घसरू नये म्हणून त्यावर गालिचा डकवलेला. उन्हापाण्याने हा गालिचा विरतो, कडेने उकलतो. तो बदलायचा कसा, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, त्यात काय पाहायचे? जुना फाडला, नवा डकवला, झाले! तिथेच तर गोम आहे. या गालिच्याचे धागे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. ते स्वतः पाणी पीत नाहीत, पण धाग्याधाग्यांत पाणी अडकून राहते आणि खालचे लाकूड वाळत नाही. ओले बारदान पावसाळाभर फळीवर पडून राहिले तर फळीचे काय होते, हे तुम्हाला मी काय सांगावे! लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने ओल शेकडा 20 च्या आत राहिली, तर सहसा ती वाढत नाही.

शिवाय ओले लाकूड फुगते. श्रावणात घरचे कवाड अडते, तेव्हा आपण खांदा लावून ते उघडतो. पण भर पुरात जाकिटांच्या कप्प्याचे झाकण अडले तर? (खरे म्हणजे जाकीट कप्प्यात नव्हे, बोटीत पाय ठेवण्याआधीच अंगात हवे. पण दुसऱ्याला वाचवायला गेलेल्या बोटीत जादा जाकिटे असतात, ती कप्प्यातच राहतात.)

म्हणून जुना गालिचा ओढून काढला की आधी झाकण दाभणाने टोचून पाहावे. दाभण लोण्यात जावे तसे आत गेले, तर त्या लाकडाची माया सोडावी आणि नवे झाकण करावे. प्लायवूड घेताना त्यावर आय. एस. 710 हा शिक्का पाहावा. तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा. लाकूड टणक निघाले तर जुना डिंक पत्तीने खरवडावा, काचकागद मारावा आणि झाकण चांगले खडखडीत वाळू द्यावे. मग इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. कडांना आणि स्क्रूच्या भोकांना अधिक, कारण प्लायवूड पाणी पिते ते कडेने.

आता माप. गुरुजी, हे गणित वर्गात घालण्यासारखे आहे. कप्प्याचे तोंड 40 सेंटीमीटर रुंद आहे आणि झाकण त्यात बरोबर बसायचे आहे. गालिचा 5 मिलिमीटर जाड. तो दोन्ही कडांवरून आत वळवला की रुंदी 1 सेंटीमीटरने वाढते. दोन्हीकडे 3-3 मिलिमीटर मोकळीक ठेवायची. तर लाकूड किती रुंद कापावे? उत्तर 38.4 सेंटीमीटर. नवा गालिचा जुन्यापेक्षा जाड आणला तर हा हिशेब चुकतो आणि नवे कोरे झाकणही अडते.

गालिचा झाकणाहून चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा कापावा. चिकटवण्याचा द्रव दोन्हींना लावावा, आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबून बसवावे. हा द्रव फार पेट घेणारा असतो. काम मोकळ्या हवेत करावे, आणि विडीवाल्याला लांब बसवावे! कोपऱ्यावर घडीवर घडी येऊ देऊ नये, जादा तुकडा तिरपा कापून टाकावा. खालून मारायच्या पिना स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, साध्या पिना गंजून तुटतात. झाकणाची खालची बाजू मात्र गालिच्याने झाकू नये. तेवढ्या वाटेने ओल निघून जाते.

बिजागऱ्या बसवल्यावर गालिच्यावर तांब्याभर पाणी ओतावे, तासाभराने झाकण एका हाताने उघडून पाहावे. दुसरा हात लावावा लागला तर कड पुन्हा तासावी.