बांधावरची सावर

माघ सरत आला तरी कशेळ्याच्या आसपास वसंताची काही खूण वरवर दिसत नाही. भाताची खाचरे कोरडी पडलेली, गवत पिवळे, ऐनाच्या फांद्या राबासाठी तोडून नेलेल्या. हिरवे म्हणाल तर कुठेतरी वालाचा तुकडा आणि पेज नदीचा काठ. भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्याचे पाणी पेजेत उतरते, म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही. पण इथला वसंत पाण्याची वाट पाहत नाही. तो पाने गाळून बसलेल्या झाडांवर येतो, त्यातही आधी काटेसावरीवर.

फुले-पाखरे बघायला लोक पेठच्या किल्ल्याकडे जातात, भीमाशंकरच्या रानात चढतात. जरूर जावे. पण वसंताचे काम कसे चालते हे बघायचे तर घराजवळच्या बांधावरची एक सावर पुरते. तिच्याखाली पुन्हा पुन्हा जाऊन बसायला मात्र हवे.

मी उजाडायच्या आत जातो आणि पूर्वेकडे पाठ करून बसतो. ऊन समोरच्या झाडावर पडते, पक्ष्यांचे रंग कळतात. उलट बसले तर नुसत्या काळ्या आकृत्या. दूर विजेच्या तारेवर दयाळ गात असतो. थंडीभर तो जवळजवळ मुका होता. झाडावर पहिला हजर कोतवाल. फुलातला मधही त्याला हवा आणि मधाला आलेले किडेही, म्हणून तो आल्या-गेल्याला हुसकावत राहतो. तरी साळुंक्या येतात, बुलबुल येतात, पोपट येतात. साळुंकी पेल्यात डोके खुपसते आणि कपाळाला पराग माखून दुसऱ्या फुलाकडे जाते. झाडाला हवे असते ते एवढेच. पोपट मात्र कळ्या-फुले कुरतडून खाली टाकतो. खारीचेही तसेच.

फुले लाल का, याचे उत्तर या गर्दीत आहे. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो, मधमाशीला तितका नाही. सलीम अलींनी १९३० साली आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. पुढे १९३२ मध्ये फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुले या विषयावर त्यांनी मोठा लेख लिहिला. हे काम असे चिकाटीने एका जागी बसूनच होते.

खाली पडलेले फूल हातात घेऊन बघावेच. इतके जड की पडताना आवाज होतो. चामड्यासारखा जाड पेला, पाच मांसल पाकळ्या, आत पुंकेसरांची दाट जुडगी. एवढे दणकट फूल नसते तर साळुंकीच्या चोचीपुढे टिकले नसते. शेजारच्या पळसाचे गणित निराळे आहे. त्याची पाकळी वाकडी, मध आत दडलेला. तिथे शिंजीर खुबीने काम साधतो.

बघितलेले त्याच दिवशी वहीत उतरवावे. तारीख, कळ्या, उमललेली फुले, बोंडे. प्रत्येकापुढे नाही, थोडी किंवा पुष्कळ, एवढेच. देशभरातले लोक ‘सीझनवॉच’ या उपक्रमात आपापल्या झाडाची अशीच नोंद दर आठवड्याला करतात. फोटो छान येतो, पण पहिले फूल कधी उमलले हे वर्षानुवर्षे लिहिलेले असेल तरच ऋतू सरकतो आहे का ते कळेल.

मला काळजी वाटते ती फाल्गुनाची. बऱ्याच गावांत होळीला सावरच उभी करतात; खोड सरळ, लाकूड मऊ. नेमके तेव्हा झाड फुलांनी नाहीतर कोवळ्या बोंडांनी भरलेले असते. वाड्या-पाड्यांवर शिमग्याचे मोल काय आहे हे मला माहीत आहे, सण सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. पण जिथे सावर तुटते तिथे पावसाच्या तोंडावर दोन रोपे लागलीच पाहिजेत, हे मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने बोलतो. चैत्र-वैशाखात बोंडे उकलतात आणि कापसाबरोबर बी उडते. ते गोळा करायला पैसा लागत नाही. मी पिशवीभर जमवून ठेवतो. ज्याच्या बांधाला जागा असेल त्याने घेऊन जावे.