जेसिका रॅबिट : पडद्यावरची आणि कागदावरची

1988 साली आलेल्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मधली जेसिका रॅबिट पडद्यावर फार थोडा वेळ दिसते. तरीही लाल चमचमता झगा आणि एका डोळ्यावर ओघळलेले केस घेऊन आलेली ही गायिका जुन्या ॲनिमेशनची मूळ चित्रं जमवणाऱ्यांची मोठी लाडकी आहे. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, ॲनिमेशनचे सूत्रधार रिचर्ड विल्यम्स आणि तिला प्रत्यक्ष हलती-चालती करणारे रसेल हॉल हे तिच्या पडद्यावरच्या रूपाचे जन्मदाते. बोलण्याचा आवाज कॅथलीन टर्नरचा, गाण्याचा एमी अर्विंगचा. चित्रपटाचं बरंचसं ॲनिमेशन लंडनमध्ये झालं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला सदबीजने त्यातल्या सेलचा लिलाव केला आणि कालपर्यंत निर्मितीतला टाकाऊ माल समजली जाणारी वस्तू चौकटीत बसून भिंतीवर गेली. संग्राहक सर्वाधिक पैसे मोजतात ते या रंगवलेल्या सेलसाठी. माझ्या मते जेसिकाच्या बाबतीत तरी ही पसंती चुकीच्या जागी पडते.

सेल म्हणजे पारदर्शक ताव, या चित्रपटापुरता ॲसिटेटचा. त्याच्या पुढच्या बाजूला रेषा असते, मागच्या बाजूने सपाट रंग भरलेला असतो. नेहमीच्या व्यंगपटात हा ताव रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून त्याचा फोटो घेतला की पडद्यावरचं चित्र तयार होतं. त्यामुळे ‘स्नो व्हाइट’चा सेल हातात धरणारा माणूस कॅमेऱ्याने पाहिलेलीच गोष्ट पाहत असतो. ‘रॉजर रॅबिट’च्या बाबतीत तसं झालं नाही. आधी खऱ्या नटांवर चित्रीकरण झालं. मग एकेका चौकटीचे मोठे फोटो काढून ॲनिमेटरांना देण्यात आले आणि त्यांवर कागद ठेवून त्यांनी पेन्सिलने जेसिका काढली. तिच्या गालावरची सावली आणि खांद्यावरचा उजेड यांसाठी वेगळे आकार काढून ते वेगळे चित्रित केले, आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने ऑप्टिकल प्रिंटरवर हे सगळे थर एकत्र आणले. झग्याची ती प्रसिद्ध चमक तर कुणी रंगवलेलीच नाही. स्टीलच्या काथ्याने ओरखडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून प्रकाश सोडून ती मिळवली होती. म्हणजे ज्या रूपावर लोक भाळतात ते रूप एकाही सेलवर नाही. सेलवर आहे ती सपाट लाल रंगाची, बिनसावलीची, काहीशी निस्तेज बाई. तिच्यामागे दिसणारं, ती गाते त्या क्लबचं दृश्य हा बहुधा नंतर जोडलेला फोटो असतो, कारण मुळात रंगवलेली पार्श्वभूमी नव्हतीच.

यावर कुणी म्हणेल, सेल निदान चित्रपटात वापरला तरी गेला. पेन्सिलचं चित्र प्रेक्षकांनी कधी पाहिलंच नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो वापर आणि निर्मिती यांची गल्लत करतो. मान किती कलेल, पापणी कधी मिटेल, कंबर कुठल्या लयीत वळेल, हे सगळं पेन्सिलने ठरवलं. सेलवर उतरली ती त्या रेषेची प्रत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रंग भरणाऱ्या हातांचं श्रेय आपण नाकारतो आहोत का? डिस्नेच्या शाई-रंग विभागात वर्षानुवर्षं बहुतेक स्त्रिया राबल्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच आली. (जेसिका ज्या क्लबात गाते त्याचं नाव ‘इंक अँड पेंट’ ठेवणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असणारच.) त्या कारागिरीसाठी कुणी सेल घेत असेल तर माझी तक्रार नाही. फक्त ‘पडद्यावरची जेसिका घरी आणली’ असं त्याने मानू नये.

टिकाऊपणाचा हिशेबही सेलच्या विरुद्धच जातो. ॲसिटेट काळाच्या ओघात आकसतं, वाकडं होतं, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. मागचा रंग तडकून सुटतो. चांगला कागद उन्हापासून आणि दमटपणापासून जपला तर सहज तग धरतो. शिवाय बाजारात ‘सेरिसेल’ नावाच्या छापील प्रतीही मूळ चित्रांच्या शेजारीच मांडलेल्या असतात. त्यांचा कोणत्याही चित्रीकरणाशी संबंध नसतो.

घ्यायचंच असेल तर जेसिकाचं पेन्सिल-चित्र शोधा. कडेला कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांची भोकं आणि कोपऱ्यात चौकटीचा क्रमांक आहे का ते आधी पाहा, आणि सेलच घेणार असाल तर मागचा फोटो कधी लावला गेला हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.