मुलांचे आजारपण आणि घराचा पत्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : गरीब वस्तीतील आईवडील हलगर्जी असतात, म्हणून त्यांची मुले वारंवार दाखल होतात.

हा समज सहज पटतो, कारण रुग्णालयात पालक दिसतात, घर दिसत नाही. मूल उशिरा आणले, दम्याचा पंप वेळेवर दिला नाही, एवढेच केसपेपरवर उतरते. इंग्लंडमधील रॉचडेलचा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर 2020 मध्ये श्वसनविकाराने दगावला. घरातील बुरशीची तक्रार वडिलांनी 2017 मध्येच केली होती. त्यांना ‘वरून रंग मारा’ असे सांगण्यात आले. मृत्यू त्या बुरशीमुळेच झाला, असा निष्कर्ष मृत्यूचे कारण तपासणाऱ्या कॉरोनरने 2022 मध्ये काढला. तक्रार करूनही भिंत ओलीच राहत असेल, तर बापाने आणखी काय करायचे?

गैरसमज : उपचार मोफत केले की फरक मिटतो.

इंग्लंडमध्ये 1948 पासून सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत; मुलांची दंतचिकित्साही मोफत आहे. तरीही किडलेले दात काढण्यासाठी दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण सर्वांत वंचित भागांत सर्वांत सुस्थित भागांच्या तिपटीहून अधिक आहे. मोफत उपचार आवश्यकच आहेत. पण ते आजार झाल्यानंतर मिळतात.

गैरसमज : प्रश्न कुटुंबाच्या कमाईचा आहे, वस्तीचा नाही.

चारही समजांत सर्वांत सयुक्तिक वाटणारा समज हाच. गरीब कुटुंबे गरीब वस्तीतच राहतात. मग दोष कोणाचा, हे वेगळे कसे काढायचे? अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये तशी संधी मिळाली. तेथील एका योजनेने गरीब कुटुंबांना भाड्यासाठी मदत देऊन कमी गरिबीच्या वस्त्यांत घरे मिळवून दिली. त्यांतील दमा असलेल्या 123 मुलांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडील तेच, आजारही तोच. पण घर बदलल्यावर दम्याचे तीव्र झटके निम्म्याहून कमी झाले. उंदीर, झुरळे, ओल यांचा विचार लगेच मनात येतो. मात्र संशोधकांच्या मते सुधारणेचा जवळपास तिसरा हिस्सा मनावरचा ताण हलका होण्याशी जोडलेला होता : रस्त्यावर सुरक्षित वाटणे, शेजाऱ्यांवर विश्वास असणे. गोळीबाराच्या धास्तीत वाढणारे मूल श्वासही धास्तीनेच घेते. भाड्याच्या मदतीने घरखर्चाला हातभार लागला, हे खरे. पण शेजारी आणि रस्ता बदलला तो स्थलांतरामुळे.

गैरसमज : वस्ती सुधारणे डॉक्टरांच्या हातात नाही.

एकट्या डॉक्टरच्या हातात नाही, एवढेच खरे. ओहायोतील सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांना सोबत घेतले. डॉक्टरांनी घराविषयी विचारायचे आणि अडलेल्या कुटुंबांना वकिलांकडे पाठवायचे, असे ठरले. आलेली प्रकरणे एकत्र पाहिल्यावर अनेक पडक्या इमारतींचा मालक एकच निघाला. भाडेकरू संघटित झाले, दुरुस्त्या सुरू झाल्या. पुढे याच रुग्णालयाने शहरातील दोन अतिगरीब वस्त्यांत औषधे, पाठपुरावा आणि घरच्या अडचणी यांकडे एकत्रित लक्ष दिले. 2012–15 च्या तुलनेत 2015–18 मध्ये तेथील मुलांचे रुग्णालयातील दिवस 18 टक्क्यांनी घटले. हा प्रयत्न न झालेल्या तशाच इतर वस्त्यांत अशी घट दिसली नाही.