वाकले, पण पडले नाही!

सिमल्याला गेलात, तर रिजवर चर्चच्या शेजारी काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या भिंतींची एक इमारत दिसते. ज्या घरांच्या धर्तीवर ती बांधली, त्यांतले अस्सल घर पाहायचे तर इंग्लंडमधील चेशर परगण्यात, काँगल्टन गावाजवळ जायला हवे. 'लिटल मोर्टन हॉल' हे त्याचे नाव. चोहोबाजूंनी पाण्याचा खंदक आणि मध्ये हा तिरका-वाकडा लाकडी डोलारा! एकही रेघ सरळ नाही. आता कोसळेल की मग, असेच वाटते.

१५०४ च्या सुमारास विल्यम मोर्टन याने बांधकाम सुरू केले आणि पुढे शंभरएक वर्षे घराण्याने त्यात भर घातली. घराचा सांगाडा ओक लाकडाचा. एका लाकडाला जीभ कोरायची, दुसऱ्याला तेवढीच खाच, आणि दोन्ही जोडून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड ओले असतानाच कापत, कारण वाळलेला ओक करवतीला दाद देत नाही. ते पुढे जागेवरच वाळते, आक्रसते, पिळवटते. चौकटींमधल्या जागा भरायच्या काटक्या विणून आणि वर माती लिंपून. आपल्या कोकणातला कुडच म्हणा ना!

खरी गंमत तिसऱ्या मजल्यावर आहे. १५६० नंतर तिथे सुमारे ६८ फूट लांबीचे दालन चढवले गेले. पाऊसपाण्यात घरातल्यांनी फेऱ्या माराव्यात, खेळावे म्हणून. लाकडी तावदानांमागे सापडलेले जुने टेनिसचे चेंडू त्याची साक्ष देतात. पण छपराला घातल्या दगडी फरशा! त्या ओझ्याने खालचे मजले दबले, तुळया वाकल्या. हौसेला मोल नसते, पण वजन असते!

अंगणाकडच्या खिडक्या १५५९ मधल्या. त्यांवर मालकाच्या नावाबरोबर रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरलेले आहे. ताजमहालाच्या किती कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धात मोर्टन मंडळी राजाच्या बाजूने उभी राहिली आणि कर्जात बुडाली. घर कुळांना भाड्याने गेले. प्रार्थनाघरात कोळसा साठवला जाऊ लागला! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोगीण झालेल्या एलिझाबेथ मोर्टनने प्रार्थनाघर सावरले आणि वरच्या दालनाला पोलादी सळ्यांचा आधारही बहुधा तिनेच दिला. लग्न न केलेल्या या बाईने १९१२ मध्ये घर एका नातलगाच्या नावे केले. १९३८ पासून ते 'नॅशनल ट्रस्ट'कडे आहे.

आणि तो प्रसिद्ध काळा रंग? तो मुळातला नव्हेच. लाकडाला काळे फासण्याची आवड एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी हा ओक उन्हापावसाने रुपेरी पडलेला असे.