आधी पेरा विचारा

थंडीत शेतावर जाऊन हुरडा खायचा, जमलंच तर तंबू ठोकून रात्री तिथेच राहायचं, असा बेत बीडमधल्या आणि बीडहून पुण्या-संभाजीनगरला गेलेल्या पुष्कळ घरांत दिवाळीच्या फराळाबरोबर शिजू लागतो. बेत ठरला की पहिली यादी होते ती सामानाची. तंबू, झोपायच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या, कोळशाची शेगडी, बॅटऱ्या. मग सगळ्यांना सोयीचा रविवार शोधला जातो आणि सर्वांत शेवटी ओळखीच्या शेतकऱ्याला फोन जातो. माझ्या मते पहिल्यांदा असा बेत करणारे इथेच फसतात. या मेजवानीत सगळ्यात अवघड गोष्ट तारीख ठरवणे ही आहे, आणि ती तारीख पेऱ्यावरून काढावी लागते. सामान हा त्यामानाने सोपा आणि बराचसा उसना मिळणारा भाग.

अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याआधी स्टेडियमच्या वाहनतळावर गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून लोक शेगड्या पेटवतात, खुर्च्या मांडतात आणि पारा शून्याखाली असला तरी तासन्‌तास खातपीत बसतात. तिथे सगळी हुशारी सामानात लागते हे बरोबरच आहे. सामन्याची तारीख कित्येक महिने आधी जाहीर झालेली असते आणि भाजायचे मांस कोणत्याही दुकानात मिळते. आपल्याकडे गाडीची डिकी तशीच उघडते, थंडी पुष्कळच मवाळ असते, पण मुख्य पदार्थ उभ्या पिकात असतो. त्याचे वेळापत्रक कुणी छापत नाही. ते शेतकऱ्याला ठाऊक असते आणि ज्वारीच्या उभ्या ताटाकडे बघून वाचता येते.

रब्बी ज्वारीचा पेरा साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होतो. मालदांडीसारखे वाण पेरल्यापासून ७०-७५ दिवसांत फुलोऱ्यात येते. मग दाणा भरू लागतो. आधी तो चिकात असतो; नखाने दाबला की पांढरे दूध उडते. फुलोऱ्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी हे दूध आटून मऊ कणकेसारखे होते, दाणा टपोरा आणि तरीही हिरवा असतो, आणि हाच हुरडा. त्यानंतर दाण्यातली साखर पिठात जमा होत जाते, सालपट जाड होते, दाणा निबर होतो आणि भाजला तरी दाताखाली कचकचतो. एका शेतात चांगला हुरडा मिळण्याचा काळ आठवडा-दहा दिवसांचा. एकाच कणसातसुद्धा सगळे दाणे एका दिवशी तयार होत नाहीत; ज्वारीचे कणीस शेंड्याकडून फुलायला लागते आणि फुलोरा खाली उतरत जातो, म्हणून शेंड्याचा दाणा बुडख्याच्या दाण्यापेक्षा काही दिवस पुढे असतो. जाणता माणूस कणीस निवडताना मधल्या दाण्याला नख लावून पाहतो ते यासाठी. हिशेब मांडला तर २० सप्टेंबरच्या पेऱ्याचा हुरडा नाताळच्या सुमारास, १ ऑक्टोबरचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि १५ ऑक्टोबरचा संक्रांतीनंतर येतो. आपला रविवार यांपैकी कशात बसतो ते शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कळणार कसे?

बरे, हा हिशेबही ढोबळच. हलक्या, उथळ जमिनीत ओल लवकर सरते आणि पीक घाईने निबर होते. खोल काळ्या रानात तेच वाण रेंगाळते. थंडी वाढली की दाणा भरण्याचा वेग मंदावतो. खास हुरड्याची म्हणून ओळखली जाणारी वाणे वेगळीच. गुळभेंडी किंवा सुरती यांचा दाणा गोड तर असतोच, पण बोंडातून सहज सुटतो, म्हणून चोळायला सोपा. राहुरीच्या विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर, तर परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत ही वाणे हुरड्यासाठी म्हणूनच काढली. भाकरीसाठी पेरलेल्या मालदांडीचाही हुरडा होतो, मात्र तिथे चोळणाऱ्याचे तळवे पणाला लागतात. त्यात पाऊस आपले काम करतोच. २०२५ च्या सप्टेंबरात बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा आणि गोदावरीकाठची राने पाण्याखाली गेली. अशा रानाला वाफसा यायलाच कित्येक दिवस लागतात आणि वाफशाविना पाभर चालत नाही. पेरा ऑक्टोबरअखेर गेला की हुरडा फेब्रुवारीच्या तोंडाशी येतो, आणि मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून जानेवारीत आलेल्या पाहुण्यांना चिकातली कणसे बघून परतावे लागते.

परंपरेने तरी एक तारीख ठरवून दिली आहे, असे म्हणता येईल. लातूर-धाराशिवला आणि त्यांना लागून असलेल्या अंबाजोगाई-परळीच्या पट्ट्यात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस होते. सगळे घर शेतावर जाते, कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव मांडले जातात, भज्जी, आंबील, उंडे आणि खीर यांचे जेवण होते. आपल्या प्रदेशातली हिवाळ्यातली ही सर्वांत मोठी शेतमेजवानी. पण तिची तारीख चंद्रावर चालते. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला आली, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. अधिक महिना आला की पुन्हा जानेवारीत सरकते. पीक मात्र आपल्या पेऱ्याप्रमाणेच चालते. येळवशीचे जेवण बघितले तर ही अडचण त्यात आधीच सोडवलेली दिसते. भज्जीत तुरीच्या, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला, जे रानात असेल ते पडते, आणि आंबील-उंडे घरच्या साठवणीच्या धान्याचे. हुरडा आला असेल तर उत्तम, नसेल तर जेवण अडत नाही. ज्यांना तारीख बदलताच येत नाही त्यांनी हुरड्याचा हट्ट सोडून हाच मार्ग धरावा.

नोकरदार माणूस पिकाच्या सवडीने सुट्टी कुठून आणणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय एका रविवाराऐवजी लागोपाठचे दोन रविवार राखून ठेवणे, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेली दोन राने नजरेत ठेवणे. कृषी पर्यटन केंद्रे हेच मोठ्या प्रमाणावर करतात. ती टप्प्याटप्प्याने पेरतात म्हणून डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्यांच्याकडे कुठला ना कुठला तुकडा हुरड्यात असतो. अशा ठिकाणी गेले तर तारखेची चिंता मिटते, पण तिथेही ‘आज कोणत्या पेऱ्याची कणसे आहेत’ एवढे विचारायला हरकत नाही. दुसरा आक्षेप गोठवलेल्या हुरड्याचा. आता तो पाकिटात मिळतो, मग पिकामागे धावायचे कशाला? घरी तव्यावर परतून खायला तो चालतो. मात्र कणीस तोडल्यापासून दाण्याचा गोडवा आणि ओल उतरू लागते, आणि तोडल्याक्षणी भाजण्यासाठीच तर शेतापर्यंत जायचे. पाकीट घेऊन रानात बसणे म्हणजे विहिरीवर बाटलीतले पाणी पिणे.

कोळशाची जाळीदार शेगडीही मी घरीच ठेवायला सांगेन. हुरडा भाजतात तो आगटीत. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून ज्वाळ पूर्ण विझू द्यायची, मग फुफाट्यात कणसे खोचायची. गोवरीचा विस्तव मंद आणि एकसारखा राहतो, राख चारही बाजूंनी कणसाला वेढते. वरचे बोंड करपते आणि आतला दाणा स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतो. जाळीवर एका बाजूने धग लागते, दाणा वाळतो, उरलेला कच्चा राहतो. भाजलेले कणीस गरम असतानाच चोळावे लागते, मग सुपात पाखडून तळहातावर. म्हणजे खाणाऱ्यांनी आगटीभोवती बसायला हवे, आणि एका आगटीला दहा-बारांपेक्षा जास्त माणसे झाली की भाजणारा दमतो आणि पाहुणे ताटकळतात. जास्त मंडळी असतील तर दुसरी आगटी करावी, मोठी करू नये. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, लसूण, गूळ, गोडीशेव, दही आणि शेवटी ताक. शेजारच्या रानात हरभरा असेल तर डहाळे, बोरे, ऊस. सीताफळाची आशा धरू नये. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण बालाघाटाच्या डोंगरातला त्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच ओसरतो.

मुक्कामाचे सामान निरुपयोगी आहे असे मात्र नाही, आणि या बाबतीत जुन्या माणसांची ‘आम्ही नुसत्या घोंगडीवर निजायचो’ ही फुशारकी फारशी मनावर घेऊ नये. बालाघाटच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आकाशात सोडून देते. दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो आणि थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहा अंशांखाली जातो. गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली वाहते आणि ओढ्याकाठी साचते, म्हणून तंबू पाण्याजवळच्या देखण्या जागेपेक्षा बांधावर किंवा खळ्याच्या उंचवट्यावर लावावा. पैसे खर्च करायचेच तर पांघरुणापेक्षा अंथरुणावर करावेत. अंगाखाली दबलेल्या गादीतली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढत राहते. फोमची चटई, तिच्याखाली कडब्याच्या चार पेंढ्या आणि वर घोंगडी एवढ्यावर महागड्या पिशवीचे निम्मे काम होते. तंबूची झडप थोडी उघडी ठेवावी, नाहीतर श्वासातली वाफ कापडाला लागून पहाटे अंगावर ठिबकते. आणि विस्तव कितीही मंद असला, शेगडी कितीही छोटी असली तरी ती तंबूत नेऊ नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो मारतो.

पहिल्याच खेपेला मुक्काम टाळावा असे मला वाटते. कारण फक्त थंडीचे नाही. उभ्या ज्वारीत बिबट्याला दडायला भरपूर जागा मिळते. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा त्या भागात संध्याकाळनंतर शेतावर जाणे लोकांना सोडावे लागले. नायगावच्या मयूर अभयारण्यात किंवा कुठल्याही वनजमिनीवर तंबू ठोकायचा तर वनखात्याची परवानगी लागते. सकाळी आठला आगटी पेटवून दुपारच्या उन्हाआधी उठले तर यांतले काही आड येत नाही. आगटी मात्र ताटांपासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या ढेकळांत करावी, वारा गंजीकडे वाहत नाही ना ते बघावे, आणि पाण्याची घागर भरून शेजारी ठेवावी.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, फडाशेजारी कोपी घालून सगळा हिवाळा उघड्यावर काढतात, तिथे हौसेने तंबूत निजण्याचे कौतुक काय सांगायचे? या प्रश्नापुढे चाकरमान्याने थोडे अवघडावे हे बरेच आहे. पण हुरड्याची पार्टी बंद केल्याने एकही कोयता थांबत नाही, आणि ज्वारीचे काय होते तेही बघायला हवे. सोयाबीन काढून हरभरा पेरणे सोपे. रब्बी ज्वारी उपटायला, कणसे मोडायला, पेंढ्या बांधायला माणसे लागतात, आणि नेमकी तीच माणसे त्या वेळी फडावर असतात. म्हणून ज्वारीचे रान आक्रसते आहे. हुरड्यात विकलेल्या तुकड्याला मळणीचा खर्च नाही, पैसा महिनाभर आधी हातात येतो, आणि हिरवी ताटे जनावरांना वाळल्या कडब्यापेक्षा आवडतात. मात्र हे तेव्हाच खरे, जेव्हा पाहुणे रीतसर पैसे मोजतात.

पैशाची बोलणी म्हणूनच तारखेबरोबरच व्हावी. माणशी दर की कणसांवर दर, गोवऱ्या आणि भाजणाऱ्याची मजुरी त्यात धरली की वेगळी, चटण्या कोण आणणार, हे फोनवरच मिटवावे. ‘घरचेच रान आहे, काय द्यायचे ते द्या’ असे उत्तर आले तरी आकडा आपण सांगावा. ताटे शेतकऱ्याचीच राहतात, तेव्हा कणीस तोडताना ताट मोडू नये आणि चालताना सरीतून चालावे. हा फोन दिवाळीतच करता येतो, कारण बहुतेक ठिकाणी तोवर पेरा झालेला असतो. कोणत्या दिवशी पेरले, रान हलके की भारी, वाण कोणते, एवढे तीन प्रश्न पुरेत. मग पेऱ्याप्रमाणे नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात पुन्हा एकदा विचारावे, ज्वारी पोटरीत आली का. आणि ती निसवली की तिथून चार आठवडे मोजून दोन रविवार राखून ठेवावेत.