विश्लेषण : सेकंडहँड एअर पिस्तूल ‘मूळपदावर’ का आणि कसे आणावे?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताला नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळाली. त्यातली दोन १० मीटर एअर पिस्तुलातली होती : एक मनू भाकरचे वैयक्तिक, दुसरे मनू आणि सरबज्योत सिंग यांचे मिश्र सांघिक. तिसरे कांस्य कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफल प्रकारात पटकावले. या खेळाकडे वळू पाहणाऱ्या घरांपुढे पहिला प्रश्न असतो तो पैशांचा. स्पर्धेच्या दर्जाचे नवे परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. साहजिकच पावले वळतात ती वापरलेल्या पिस्तुलाकडे. पण ते पिस्तूल आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताप्रमाणे, डोळ्याप्रमाणे आणि सवयीप्रमाणे बदललेले असते. ते आधी कारखान्यातून आले तसे करणे का गरजेचे आहे?

नेमकी अडचण काय होते?

समजा, बिबवेवाडीत राहणारी आठवी-नववीतली एक मुलगी वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर शिकली आहे. वडिलांनी ओळखीतून एका मोठ्या वयाच्या नेमबाजाचे जुने पिस्तूल घेतले. मुठीला लाकडाची भुकटी आणि लांबी भरून उंचवटे केलेले, ट्रिगर हलका केलेला, साइट एका बाजूला सरकवलेली, नळीखाली जादा वजन लावलेले. पहिल्याच दिवशी छर्रे डावीकडे खाली जाऊ लागले. मुलीने मनगट वळवून ते मध्यावर आणले. महिनाभरात मनगट वळवण्याची सवय लागली आणि गुण मात्र वाढेनात.

आता चूक पिस्तुलाची की मुलीची, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रशिक्षक म्हणतात ट्रिगर झटकते, वडील म्हणतात पिस्तूलच खराब मिळाले. अडचणीचे मूळ इथे आहे. दुसऱ्याच्या मापाच्या पिस्तुलावर स्वतःची बैठक घडवायला घेतली की दोन्हीतली चूक एकमेकांत मिसळते. पिस्तूल मूळपदावर आणले की निदान एक बाजू पक्की होते.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅम वजन लागले पाहिजे. सगळे पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. दुर्बीण किंवा भिंग असलेली साइट चालत नाही, उघडीच लागते. मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नको. तळहाताखालची फळी आणि अंगठ्याची टेकण मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारी नको. म्हणजे हाताला कवेत घेणारी, वर वळलेली मूठ बाद.

जुन्या पिस्तुलात सर्वाधिक वेळा अडते ते दोन ठिकाणी : ५० मिलिमीटरची रुंदी आणि ५०० ग्रॅमचा ट्रिगर. मोठ्या पंजासाठी भर घातलेली मूठ पेटीत अडकते. ट्रिगरची तपासणी तर सामन्यानंतरही अचानक होऊ शकते. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि ते उचलले जाते का ते पाहतात. त्यात पिस्तूल नापास झाले तर खेळाडू बाद होतो. ‘आधीच्या मालकाने केले होते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

हात लावण्यापूर्वी काय करावे?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. सिलिंडर काढा, नळीत छर्रा अडकलेला नाही याची खात्री करा आणि नळीचे तोंड कायम मोकळ्या, सुरक्षित दिशेला ठेवा. त्यानंतर पिस्तुलाचे सर्व बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक स्क्रू फिरवण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून वहीत लिहा. पुढे काही बिघडले तर निदान होते तिथे परत येता येईल.

मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक पाहून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलची पुस्तिका उतरवून घ्या. कोणता स्क्रू कशाचा, मुळात तो कुठे असतो आणि कोणत्या स्क्रूला हात लावायचा नाही, हे तिच्यात असते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे स्क्रू वेगळे असू शकतात. म्हणून दुसऱ्याच्या पिस्तुलाचा व्हिडीओ पाहून काम करू नये.

काय परत आणता येते, काय नाही?

आधीच्या मालकाने केलेल्या गोष्टींचे तीन ढीग करावेत.

फिरवलेले : साइट, ट्रिगरचे वजन, ट्रिगरची जागा, मुठीचा कोन, जोडलेली वजने. हे सर्व पुस्तिका पाहून पूर्ववत होते आणि त्याला खर्च नाही.

बदललेले : वेगळी मूठ, वेगळी स्प्रिंग, साइटची वेगळी पाती. मूळ भाग मालकाकडे पेटीत पडलेले असतात, ते व्यवहारातच मागून घ्यावेत. नसतील तर नवे मागवावे लागतात आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

कापलेले : कानशीने घासलेली मूठ, तोडलेली स्प्रिंग, ट्रिगरच्या आतले घासलेले भाग, सांगाड्याला पाडलेली भोके. यातले लाकूड आणि स्प्रिंग नवी घेता येते. आतले घासलेले भाग मात्र कारागिराकडून बदलून घ्यावे लागतात आणि सांगाड्यावरचे भोक कायमचे. तिसरा ढीग मोठा असेल तर स्वस्त पिस्तूलही महाग पडते.

मूठ, ट्रिगर, साइट : क्रम कोणता?

सुरुवात मुठीपासून. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत कारखान्याच्या मुठी मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या. मुलांचा पंजा दरवर्षी वाढतो. त्यामुळे मूळ मूठ मिळाली तर ती न घासता जपून ठेवावी आणि कोरायची असेल ती दुसरी घ्यावी. पुढे पिस्तूल विकताना ही न घासलेली मूठच किंमत राखते.

मग ट्रिगर. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. आधी हलका प्रवास, मग थांबा आणि त्यापुढे थोड्या जोराने सुटणे. ५०० ग्रॅम हे दोन्ही टप्प्यांचे मिळून वजन. दोन्ही स्क्रू पुस्तिकेतल्या जागी आणावेत, मग क्लबमधील चाचणी वजनाने खात्री करावी. अगदी ५०० वर न ठेवता थोडे वर ठेवणे शहाणपणाचे, कारण स्क्रू सैल होतात आणि स्प्रिंग थकते. वजन ५०० पर्यंत येतच नसेल तर स्प्रिंग तोडलेली असण्याची शक्यता धरावी. आतले भाग घरी घासून ‘दुरुस्त’ करू नयेत. तसा ट्रिगर धक्क्यानेही सुटू शकतो.

शेवटी साइट. मागची साइट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन ‘क्लिक’ मोजावेत आणि निम्म्यावर आणावी. वर-खालीचेही तसेच. आधीच्या मालकाने साइट बाजूला सरकवली ती त्याच्या पकडीसाठी होती, तुमच्यासाठी नव्हे. जोडलेली वजने काढून टाकावीत. नव्या नेमबाजाचा खांदा हलके पिस्तूल आधी मागतो.

सिलिंडरची काळजी का घ्यावी?

मूळपदावर आणण्याच्या नादात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो सिलिंडर. आत साधारण २०० बार दाबाची हवा असते. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि अनेक उत्पादक त्याचे आयुष्य १० वर्षे सांगतात. तो मुदतीत असण्याची जबाबदारी नियमांप्रमाणे खेळाडूची आहे. मुदत संपलेला सिलिंडर वापरू नये, भरूही नये. नवा घेण्याचा खर्च सौदा करतानाच धरावा.

त्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या वा ग्रीसच्या संपर्कात आला तर स्फोट होऊ शकतो. छर्ऱ्याचा वेग ठरवणारे आतले स्क्रू फिरवू नयेत. वेग कमी-जास्त होत असेल तर क्लबमध्ये वेगमापकावर तपासून घ्यावे आणि सील बदलण्याचे काम जाणकाराकडे द्यावे.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलासाठी खरेदीदाराला वैयक्तिक परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. तरीही मूळ बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि लेखी पावती घ्यावी. अनुक्रमांक खोडलेला वा घासलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

२५ मीटर प्रकारातील .२२ चे पिस्तूल ही मात्र पूर्णपणे वेगळी बाब. त्याला परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ते विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि किमान ४५ दिवस थांबावे लागते. व्यवसाय म्हणून दुरुस्ती किंवा फेरबदल करणाऱ्यालाही परवाना हवा. त्यामुळे इथे वर्णन केलेली घरगुती कामे एअर पिस्तुलापुरतीच धरावीत.

इतक्या बारकाव्याने खरेच फरक पडतो?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत बरीच मिनिटे गेली. उरलेले नेम तिला घाईने घ्यावे लागले आणि ५७५ गुणांसह ती १२ वी आली. अंतिम फेरी पहिल्या आठ जणांची असते.  एका लहान भागाने ऑलिम्पिकची फेरी हिरावली. ज्याचा इतिहास आपल्याला माहीत नाही अशा पिस्तुलावर जिल्हा किंवा राज्य स्पर्धेला उतरताना तर अधिकच सावध राहावे.

शेवटची चाचणी कोणती?

सर्व काही मूळपदावर आले की रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून १० मीटरवरून ५ ते १० छर्रे एकाच कागदावर झाडावेत. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. चांगल्या पिस्तुलाची छिद्रे एकमेकांत मिसळून त्याहूनही लहान एकच भोक पडते. छर्रे पांगले तर आधी दुसऱ्या कंपनीचे छर्रे वापरून पाहावेत, मग नळी साफ करावी, तरीही पांगले तर कारागीर गाठावा.

भोक एकच पडले तर पिस्तूल निर्दोष आहे. मग त्या मुलीच्या हातून छर्रा डावीकडे गेला तर तो तिच्या पकडीमुळे गेला, हे तिला आणि तिच्या प्रशिक्षकाला निश्चित कळेल. इथून पुढे मूठ तिच्या पंजाप्रमाणे कोरावी, साइट तिच्या नजरेप्रमाणे फिरवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहावा. उद्या हे पिस्तूल तिसऱ्या घरी जाईल, तेव्हा त्याच्यासोबत ती वहीही द्यावी.